त्या चित्रकोड्याचे उत्तर ३२ आहे

प्रति,
मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गणपती बसले त्याच्या आदल्या रविवारी आपल्या पुरवणीत मुलांच्या पानावर एक चित्रकोडे आले होते. पहिल्या ओळीत तीन डाळिंबे, बेरीज ३६. दुसऱ्या ओळीत एक डाळिंब आणि ज्वारीची दोन कणसे, बेरीज २२. तिसऱ्या ओळीत एक कणीस आणि भुईमुगाच्या दोन शेंगा, बेरीज १३. शेवटची ओळ अशी : डाळिंब + कणीस × शेंग = किती? पुढच्या रविवारी आपण उत्तर छापले, ६८. हे उत्तर चूक आहे. बरोबर उत्तर ३२. एका कोड्यासाठी एवढे लांब पत्र कशाला, असे आपल्याला वाटेल. पण त्या ६८ मुळे आमच्या गल्लीत जे झाले ते आपल्यापर्यंत पोचले पाहिजे. जागेअभावी पत्र कापावे लागले तर खुशाल कापा, ३२ हा आकडा तेवढा राहू द्या.

मी गणिताचा शिक्षक नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरी-टॉवेलच्या कारखान्यात ३४ वर्षे हिशेब लिहिले, दोन वर्षांपूर्वी थांबलो. राहायला सोलापूरच्या साखर पेठेत. आमच्या पूर्व भागात घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी आणि बाजारात माणूस भेटेल तशी कन्नड, असे चालते. गल्लीतली मुले मला मुनीमकाका म्हणतात. संध्याकाळी पाचसहा जण वह्या घेऊन ओट्यावर येऊन बसतात. फी वगैरे काही नाही. मला आवडते म्हणून मी बसतो.

यंदा मंडळाच्या पोरांनी डीजेचा खर्च कमी करून लहान मुलांच्या स्पर्धा ठेवल्या. मला त्याचा फार आनंद झाला होता. त्यात एक स्पर्धा कोड्याची. आपल्या पुरवणीतले तेच कोडे मोठे करून मंडपाशेजारी फ्लेक्सवर लावले. मुलांनी उत्तर चिठ्ठीवर लिहायचे, मागे नाव आणि इयत्ता घालायची, आणि चिठ्ठी पत्र्याच्या डब्यात टाकायची. पहिले बक्षीस कंपासपेटी आणि सहा मोठ्या वह्या. ४१ चिठ्ठ्या आल्या. रविवारी पेपर आला, पोरांनी त्यातले उत्तर बघितले, ६८ च्या चिठ्ठ्या बाजूला काढल्या आणि त्यातली एक उचलली. बाकीच्यांना 'उत्तर चुकले' म्हणून माईकवरून सांगितले.

आमच्या समोरच्या घरातली मुलगी सातवीत आहे. वडील यंत्रमागावर, आई घरी बसून शाळेच्या गणवेशांचे काज-बटण करते, आजी विड्या वळते. या मुलीने ३२ लिहिले होते. नुसते उत्तर लिहून ती थांबली नव्हती, खाली रीत होती : डाळिंब १२, कणीस ५, शेंग ४. पाच चोक वीस. वीस आणि बारा बत्तीस. तिचे नाव चुकलेल्यांत वाचले गेले. त्या संध्याकाळी ती ओट्यावर आली, वही उघडलीच नाही. बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "मुनीमकाका, मग शाळेत कंचेभागुबेव चुकीचं शिकवतात का?"

शाळा सोडून ज्यांना बरीच वर्षे झाली त्यांच्यासाठी सांगतो. कंस, चे (म्हणजे 'विसाचे अर्धे' यातला गुणाकार), भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी, यांची पहिली अक्षरे जोडून केलेला हा शब्द. पदावलीत अनेक क्रिया असतील तर आधी कोणती करायची हे लक्षात राहावे म्हणून. शिष्यवृत्तीला बसणारी मुले तो झोपेतही म्हणतील.

तिच्या वडिलांनी तिला समजावले होते, "छापून आलंय म्हणजे बरोबरच असणार. एवढा मोठा पेपर हाय." त्यांना मी दोष देत नाही. त्या घरात आपल्या पेपराला मान आहे. आजीला मराठी वाचता येत नाही. रोज संध्याकाळी आजी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसते आणि ही मुलगी शेजारी बसून बातम्या वाचते, लागेल तिथे तेलुगूत अर्थ सांगते. आता तिला शाळेतल्या बाई आणि पेपर यांतले एक खोटे मानावे लागले, आणि तिने बाईंना खोटे मानायला सुरुवात केली होती. मला पत्र लिहायला लावले ते याने.

मी मंडपात गेलो. अध्यक्ष म्हणजे माझ्यासमोर लहानाचा मोठा झालेला मुलगा. तो म्हणाला, "मुनीमजी, आम्ही मनानं काय करलालो नाही. पेपरात आलं तेच धरलंय." त्याने समोरच्या किराणा दुकानातून कॅल्क्युलेटर मागवला आणि माझ्यासमोर दाबून दाखवले : बारा, अधिक, पाच, गुणिले, चार, बरोबर. पडद्यावर ६८. दुसऱ्याने "थांब की बे" म्हणत मोबाईल काढला आणि त्यात तेच सगळे त्याच क्रमाने दाबले. ३२. मग अर्धी पोरे दुकानाच्या बाजूने, अर्धी मोबाईलच्या. एकाचे म्हणणे दुकानदार दिवसभर त्यावर धंदा करतो, तो चुकेल कसा. आरतीची वेळ झाली तरी वाद चालूच होता.

दोन्ही यंत्रे आपापल्या जागी ठीक आहेत. दुकानातला साधा कॅल्क्युलेटर दाबाल तसे करत जातो. १२ अधिक ५ झाले आणि गुणिलेवर बोट पडले की तो तिथेच १७ करून मोकळा होतो. पुढे कोणता आकडा येणार आहे हे त्याला ठाऊक नसते. मोबाईल मात्र सगळी ओळ लिहून घेतो, ती पूर्ण वाचतो आणि मग शाळेतल्या नियमाने सोडवतो. विंडोजच्या संगणकावरचा कॅल्क्युलेटर साध्या पद्धतीवर ठेवला तर ६८ देईल, शास्त्रीय पद्धतीवर ठेवला तर ३२. एक्सेलच्या रकान्यात ही ओळ लिहिली तर ३२ च येतात. साध्या कॅल्क्युलेटरवर काम करणाऱ्याने क्रम स्वतः सांभाळायचा असतो, आणि त्यासाठीच त्यावर एम प्लसचे बटण दिलेले असते. पाच गुणिले चार, एम प्लस. बारा, एम प्लस. मग एमआर. ३२. मी पोरांना हे तिथल्या तिथे करून दाखवले. दुकानदार स्वतः बाहेर येऊन म्हणाला की तोही बिल असेच करतो.

आता हा नियम असा का, याचे उत्तर मला माझ्या कामातून मिळाले आहे. आमच्या बिलात ओळी असतात. चादर, ४० नग, दर ३१०. टॉवेल, इतके नग, इतका दर. खाली बारदान, हमाली. प्रत्येक ओळीचा गुणाकार त्या ओळीतच होतो आणि आलेले रुपये उजवीकडच्या रकान्यात उतरतात. बेरीज होते ती फक्त उजव्या रकान्याची. समजा बारदानाचे ९० रुपये आणि ३१० दराच्या ४० चादरी एकाच ओळीत लिहिल्या : ९० + ४० × ३१०. गुणाकार आधी केला तर १२,४०० आणि ९०, मिळून १२,४९०. डावीकडून ओढत नेले तर ९० आणि ४० मिळून १३०, गुणिले ३१०, म्हणजे ४०,३००. हे १३० कशाचे? ९० रुपये आणि ४० चादरी यांची बेरीज कुठल्या वहीत होते? गोणपाटाचे पैसे चादरी होऊन बसले! नगाला दर लागला की त्याचे रुपये होतात, आणि रुपयांतच रुपये मिळवता येतात. कोड्यातल्या आकड्यांना रुपया किंवा नग असे काही चिकटलेले नसते, म्हणून तिथे ही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही आणि आपण डावीकडून सुटतो.

ही चूक माझ्या हातून झालेली आहे, म्हणून तिची किंमत मला माहीत आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मालकांनी टेबलावर नवा कॅल्क्युलेटर आणून दिला. आठवड्याचा पगार काढत होतो. एका विणकर कामगाराची मागच्या आठवड्याची बाकी ६० रुपये, या आठवड्याचे ४२ नग, नगाला ६ रुपये. मी ६० अधिक ४२ गुणिले ६ असे सरळ दाबले, ६१२ आले, तेवढे मोजून पाकिटात घातले आणि सही घेतली. तो माणूस शाळेत गेलेला नव्हता. दारापर्यंत जाऊन परत आला, पाकीट टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "मुनीम, बेचाळीस नगाचे सहाशे कसे होतील?" व्हायचे होते ३१२. मी हातचे चुकले म्हणालो, आणि परत बेरीज करत बसलो. चूक सापडायला मला पाच मिनिटे लागली. त्याला एक क्षणही लागला नव्हता. त्याने स्वतःच्या हाताने ४२ नग विणले होते, त्याला कोणी १०२ म्हणून पटवू शकत नव्हते. त्या ३०० रुपयांत तेव्हा त्याच्या घराचा आठवडा निघाला असता. तरीही तो परत आला.

रोजचे बोलणे बघा. तीनशे पाच म्हणजे ३ × १०० + ५. शंभरात पाच मिळवून मग तिपटीने ३१५ करावेत असे कोणाच्याही मनात येत नाही. आपण आकडा उच्चारतो तेव्हाच गुणाकार आधी आणि बेरीज नंतर करत असतो. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात तेवीसबरोबर 'वीस तीन' अशीही वाचायची पद्धत दिली होती, त्यावर केवढा गदारोळ झाला, विधानसभेपर्यंत विषय गेला. आमच्या घरी तेव्हा कोणाला त्यात वावगे वाटले नाही, कारण तेलुगूत २३ ला 'इरवै मूडु' म्हणतात, आधी वीस मग तीन. शेजारी कन्नड घरात 'इप्पत्तमूरु', तेही तसेच. मराठीत तेवीस, आधी तीन. तिन्ही घरांत पैसे मात्र तेवढेच मोजले जातात, कारण आपल्या भाषेत आधी काय म्हणायचे हे प्रत्येक घरात ठरलेले आहे. पदावलीतल्या क्रियांचा क्रमही असाच ठरवून घेतलेला आहे. तो निसर्गाने दिलेला नाही हे मलाही मान्य. ही चिन्हेसुद्धा तशी अलीकडची. बरोबरचे चिन्ह १५५७ साली इंग्लंडमध्ये पहिल्यांदा छापले गेले, गुणिलेची फुली १६३१ साली. भागाकाराची आडवी रेघ वर-खाली टिंबांसह १६५९ साली. पण एकदा सगळ्यांनी ठरवले की मग ते पाळायचे, नाहीतर माझे लिहिलेले तुम्हाला वाचता येणार नाही.

मंडळातला एक मुलगा इंजिनिअरिंगला आहे. हुशार आहे आणि त्याचा मुद्दा फेकून देण्यासारखा नव्हता. तो म्हणाला, या नियमावर जगातच एकमत नाही, तर आपण ६८ चूक कसे म्हणायचे? त्याने मोबाईलवर ८ ÷ २(२ + २) दाखवले. २०१९ साली हे जगभर फिरले होते. कोणी १६ म्हणत होते, कोणी १. मी दोन रात्री त्यावर घालवल्या, मुलाला पुण्याहून फोनवर शोधायला लावले, आणि मला जे कळले ते असे. कंसाचे ४ होतात इथपर्यंत सगळे बरोबर असतात. मग जे डावीकडून जातात ते ८ भागिले २ करून चाराने गुणतात, १६. जे कंसाला चिकटलेला २ आणि कंस मिळून एकच पद धरतात, आपल्या 'चे'सारखे, त्यांचे ८ भागिले ८ होते, १. शास्त्रीय कॅल्क्युलेटरांतही काही १६ देतात, काही १. भागाकार-गुणाकार एकापुढे एक आले तर आधी काय यावर एकमत नाही, हे फ्लोरियन कॅजोरी या इतिहासकाराने गणिती चिन्हांच्या इतिहासात १९२८ सालीच नोंदवले आहे. आयएसओच्या मानकात तर ÷ हे चिन्ह वापरूच नये असे म्हटले आहे; अपूर्णांकासारखी रेघ ओढून वर-खाली लिहा, वाद संपतो.

पण हा वाद भागिलेनंतर आलेल्या, चिन्हाविना चिकटलेल्या गुणाकाराचा आहे. अधिक आणि गुणिले यांच्यात असा वाद कुठेच नाही. १२ + ५ × ४ हे सोलापूरच्या शाळेत ३२, पुण्यात ३२, परदेशात ३२. एका ठिकाणी रस्त्याला फाटा फुटतो आणि पाटी नाही, म्हणून सरळ रस्त्यावरची पाटीही खोटी, असे म्हणता येत नाही. त्या मुलाने हे ऐकून घेतले आणि मान्य केले. आपणही करावे. पुरवणीतले उत्तर फाट्यावर चुकलेले नाही, सरळ रस्त्यावर चुकलेले आहे.

याच निमित्ताने शिक्षकांना एक सांगावेसे वाटते, कारण ओट्यावर मला ते वारंवार दिसते. कंचेभागुबेव हा शब्द फार उपयोगी, पण त्याच्या शेपटीत एक खड्डा आहे. 'बे' आधी आणि 'व' नंतर, म्हणून मुले बेरीज आधी उरकतात. १० − ३ + २ दिले की तीन आणि दोन पाच, दहातून पाच गेले पाच. उत्तर ९ आहे. बेरीज आणि वजाबाकी यांचा मान सारखा, त्या डावीकडून येतील तशा करायच्या. पासबुक डोळ्यांसमोर आणा : खात्यात १० होते, ३ काढले, २ भरले. शिल्लक ९. बँक ५ म्हणाली तर आपण खिडकीवर भांडू. 'भा' आणि 'गु' यांचाही मान सारखाच आहे, पण तिथे भागाकार आधी केला तरी उत्तर बिघडत नाही, म्हणून तो खड्डा लक्षात येत नाही. २४ × ४ ÷ २ डावीकडून करा किंवा भागाकार आधी करा, ४८ च. शब्द शिकवताना एवढे एक वाक्य वर्गात जास्त सांगितले तर किती मुलांचे गुण वाचतील!

आता शेंगेचे. आपल्या कोड्यात आणखी एक चूक आहे आणि ती मंडपात एका दुसरीतल्या मुलाने काढली. त्याने ४२ लिहिले होते. पोरांनी त्याला विचारले, तर म्हणाला, "शेवटची शेंग तीन दाण्याची हाय." कोणी लक्ष दिले नाही. मी घरी येऊन आपला अंक कापडाचे धागे मोजायच्या भिंगाखाली धरला. इंचभर कापडात उभे धागे किती, आडवे किती, हे बघायला आम्ही ते भिंग वापरतो. खिशात बसेल एवढे, पितळी, घडीचे. भिंगाखाली वर्तमानपत्रातली शेंग तांबड्या-पिवळ्या ठिपक्यांची होऊन जाते. तिसऱ्या ओळीतल्या दोन्ही शेंगांना कंबर एकच, म्हणजे दाणे दोन. शेवटच्या ओळीतल्या शेंगेला दोन कंबरा. तीन दाणे. मुलगा खरे बोलत होता.

मग दोन दाण्यांच्या शेंगेची किंमत ४, तर एका दाण्याची २ आणि तीन दाण्यांच्या शेंगेची ६. पाच सक तीस आणि बारा, बेचाळीस. हे चित्रांतले बारकावे मुद्दाम ठेवलेले असतात, केळ्यांच्या घडातले एक केळे कमी करायचे, नारळाची एकच कवड दाखवायची, अशी कोडी मोबाईलवर खूप फिरतात. पण आपण तो डाव ठेवलेला नव्हता हे आपल्याच उत्तरावरून दिसते; ६८ येतात ते १७ × ४ करून, म्हणजे आपण शेंग ४ चीच धरली. चित्र दुसरीकडून उचलले गेले असावे आणि कोणी ते नीट बघितले नाही. पण त्यामुळे एका ओळीतून ३२, ६८, ४२ आणि १०२ अशी चार उत्तरे निघू शकतात. सोलापुरात ज्या घरात शेंगाचटणी होते तिथले पोर शेंग बघितली की दाणे मोजणारच. त्याला चूक ठरवायचा अधिकार मला नाही, आणि आपल्यालाही नाही. कोड्याचे उत्तर ३२ असे मी म्हणतो ते सगळ्या शेंगा सारख्याच मानून. ४२ लिहिणाऱ्यालाही आपण एक ओळ देणे लागता.

चित्रकोडी छापूच नयेत असे माझे म्हणणे अजिबात नाही. त्या फ्लेक्ससमोर मी अशी मुले बघितली जी एरवी गणिताची वही उघडत नाहीत. डाळिंब किती, कणीस किती हे काढताना ती बीजगणित करत होती आणि त्यांना ते माहीतही नव्हते. तिथपर्यंत कोडे सुंदर होते. पण कोडे अवघड असावे ते विचाराने; लिहिण्यातल्या ढिलाईने नको. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावती लिहिली, त्यातले एक उदाहरण मी त्या मुलीला मुद्दाम घातले. एका संख्येला ३ ने गुणले. आले त्यात त्याचाच पाऊण हिस्सा मिळवला. ७ ने भागले. त्यातून त्याचा तिसरा हिस्सा काढला. उरले त्याचा वर्ग केला, ५२ वजा केले, वर्गमूळ काढले, ८ मिळवले, १० ने भागले. आले २. तर ती संख्या कोणती?

तिने शेवटापासून उलटे जायचे ठरवले, मी सांगितले नव्हते. दोन दाहे वीस. आठ गेले बारा. बाराचा वर्ग १४४. त्यात ५२, १९६. चौदाचा वर्ग १९६ हे तिला आठवेना, तेवढे मी सांगितले. चौदा म्हणजे दोन तृतीयांश, तर पूर्ण एकवीस. एकवीस साते १४७. पाऊण मिळवलेले १४७ म्हणजे मूळच्या पावणेदोनपट, इथे ती अडली. आमच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केलेली, आम्हाला ते पटकन दिसते. तिने चार भाग आणि तीन भाग मिळून सात भाग अशा रेघा मारल्या, १४७ ला सातने भागले, चारने गुणले, ८४. तिनाने भागले, २८. अर्धा तास लागला. ओट्यावरचा दिवा लावावा लागला. त्या उदाहरणात आधी काय आणि मग काय यावर भांडायला जागाच नाही, सगळा क्रम शब्दांत बांधलेला आहे, तरीही ते आपल्या कोड्यापेक्षा दहापट अवघड आहे. २८ आल्यावर तिने सुरुवातीपासून परत ताळा करून बघितला. त्या रविवारनंतर ती पहिल्यांदाच पूर्ण वेळ बसली.

माझी विनंती एवढीच आहे. मुलांच्या त्याच पानावर, कोडे छापले होते तेवढ्याच टायपात, उत्तर दुरुस्त करून छापावे : डाळिंब १२, कणीस ५, शेंग ४, उत्तर ३२, आणि शेवटच्या शेंगेचे चित्र चुकले होते, तीन दाणे मोजणाऱ्यांचे ४२ हेही मान्य. 'अनवधानाने' म्हणून आतल्या पानावर बारीक अक्षरांत नको, मुले तिथे वाचत नाहीत. इथून पुढे बेरीज आधी करून हवी असेल तर कंस घालावा, (डाळिंब + कणीस) × शेंग असा, दोन कंसांना जागा ती किती लागते? भागिले असेल तर रेघ ओढून वर-खाली लिहावे. आणि छापण्याआधी पान एखाद्या सातवीतल्या मुलाला सोडवायला द्यावे. आपल्या कचेरीत कोणाचे तरी मूल त्या वयाचे असेलच.

मंडळाच्या पोरांशी माझे बोलणे झाले आहे. पेपरात ३२ छापून आले तर ३२ वाल्या चिठ्ठ्यांतून एक आणि ४२ वाल्यांतून एक अशा दोन कंपासपेट्या ते नवरात्रातल्या कार्यक्रमात देणार आहेत. ज्याला बक्षीस मिळाले त्या मुलाकडून काही परत घ्यायचे नाही, त्याने पेपराच्या भरवशावर बरोबरच केले होते. चिठ्ठ्यांचा डबा सध्या माझ्या कपाटात आहे. समोरच्या मुलीच्या चिठ्ठीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. पेन्सिलने लिहिले आहे, त्यामुळे थोडी फिकी आली आहे, पण 'पाच चोक वीस' वाचता येते.

आपला रोजचा वाचक,
एक निवृत्त हिशेबनीस
साखर पेठ, सोलापूर